सरपंच परत बोलवायचा, पण टक्का कशाचा मोजायचा?

प्रश्न असा आहे : ‘हरियाणात मतदार सरपंचाला मुदतीआधी घरी बसवू शकतात. आपल्याकडे सरपंच थेट जनतेतून निवडून येतो, मग त्याला परत बोलावण्याचा हक्क जनतेला का नाही? आणि दिला तर गावोगाव भांडणं लागतील का?’

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. भांडणं आत्ताही आहेत. मी महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. सरपंचावरच्या अविश्वास ठरावाच्या सभा चालवणं हे त्या खुर्चीवरचं एक नावडतं काम असतं, आणि ते माझ्या वाट्याला बऱ्याचदा आलं. त्यामुळे हक्क द्यावा का, याला माझं उत्तर ‘द्यावा’ असंच आहे. फक्त आज ज्या आकारात तो मागितला जातो, त्या आकारात नाही.

महाराष्ट्रात हा हक्क अजिबात नाही, असंही नाही. अर्धा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ३५ हे अविश्वासाचं कलम. सरपंच सदस्यांतून निवडला जायचा तेव्हा सदस्यच त्याला काढायचे. ज्यांनी बसवला त्यांनी उठवला, हिशेब सरळ होता. २०१७ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट सरपंचासाठी कलमात दुहेरी कुलूप घातलं. आधी सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने ठराव मंजूर करायचा, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान घेऊन गावाने त्यावर शिक्का मारायचा. निवडीनंतरची पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही.

कागदावर हे चांगलं दिसतं. पण कुलपाची पहिली किल्ली कोणाच्या खिशात आहे ते बघा. सरपंचावर सगळं गाव चिडलेलं असलं, तरी सदस्य त्याच्या मुठीत असतील तर गावाला काहीही करता येत नाही. उलट गाव समाधानी असलं आणि सदस्यांचं बिनसलं, तर ठराव येतोच. म्हणजे गावाला नकार देण्याचा हक्क आहे, सुरुवात करण्याचा नाही. याला परत बोलावणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सदस्यांच्या हातातली किल्ली कशी फिरते, ते एका सभेवरून सांगतो. मतदानाचा हक्क असलेले नऊजण. नऊचे तीन चतुर्थांश पावणेसात, म्हणजे सात मतं हवीत. विरोधी गटाकडे सहा होती. सातव्या सदस्यासाठी आठवडाभर जे चाललं, ते मला सभेच्या दिवशी त्याच्या तोंडावरच दिसलं. सातहीजण एकाच गाडीतून उतरले. चार दिवस ‘सहलीला’ होते म्हणे. त्यांतल्या एकाने तर मी हजेरीचा कागद पुढे केल्यावर पेन उचलण्याआधी मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. मागे उभा माणूस पंचायतीचा सदस्यही नव्हता, ठेकेदार होता. त्याला मी बाहेर काढला, पण तो बाहेर जाऊन काय बदलणार होतं? ठराव मंजूर झाला. कारणांच्या रकान्यात ‘मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे’ असं लिहिलं होतं. मी पाहिलेल्या ठरावांत हेच वाक्य इतक्यांदा होतं, की एकाच टंकलेखकाने ते सगळ्या तालुक्याला पुरवलं असावं.

मध्य प्रदेशचं उदाहरण लोक नेहमी देतात. तिथे नगराध्यक्षाला मतदारांनी परत बोलावण्याची तरतूद बरीच जुनी आहे, आणि २००१ मध्ये अनूपपूरच्या नगराध्यक्षांना मतदारांनी खरोखरच घरी पाठवलं. छत्तीसगडमध्येही जून २००८ मध्ये तीन गावांच्या नगर प्रमुखांची अशीच गच्छंती झाली. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. कल्पना मला मनापासून आवडते. अडाणी माणसालाही एका नजरेत कळतं. पण तिथेही खुर्चीचा प्रश्न मतदारांपुढे यायला आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्या लागतात. शेवटचा शब्द लोकांचा आणि पहिला नगरसेवकांचा, म्हणजे आपल्यासारखंच.

सर्वोच्च न्यायालयाला यात काही गैर वाटलेलं नाही, हेही सांगायला हवं. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाला सदस्यांनी अविश्वासाने काढणं वैध आहे, असं १९९२ मध्ये मोहनलाल त्रिपाठी खटल्यात न्यायालयाने म्हटलं. निवडणं काय आणि काढणं काय, दोन्ही कायद्याने दिलेले हक्क आहेत. कायदा जसा देईल तसे ते मिळतात. तेव्हा ‘लोकांनी निवडला तर लोकांनीच काढायचा हा आमचा मूलभूत हक्क’ असं कोर्टात जाऊन म्हणण्यात अर्थ नाही. बदल विधिमंडळातच व्हायला हवा.

हरियाणाने नोव्हेंबर २०२० मध्ये खरी उडी मारली. तिथे सुरुवातच मतदार करतात. पण आकडे बघा. निम्म्या मतदारांनी लेखी मागणी करायची, आणि मग गुप्त मतदानात दोन तृतीयांश मतदारांनी विरोधात मत द्यायचं. समजा गावात २,४०० मतदार आहेत. निवडणुकीत १,९०० जणांनी मत दिलं, तिरंगी लढत झाली आणि सरपंच ८०० मतांवर आला. त्याला काढण्यासाठी आधी १,२०० सह्या, मग १,६०० मतं. बसायला ८००, उठवायला दुप्पट. गावातल्या मयतांची आणि पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नावं यादीतून वजा केली, तर १,६०० माणसं त्या दिवशी गावात असतील का, इथूनच सुरुवात आहे. हक्क दिला, पण इतक्या उंच फळीवर ठेवला की हात पोचू नये.

आपल्या लोकांना हा सापळा नवा नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं मतदान आठवा : उभी बाटली, आडवी बाटली. एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, मग मतदान. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या. यादीत हजार बायका, सहाशे मतदानाला आल्या, चारशे ऐंशी जणींनी आडवी केली, तरी बाटली उभीच. न आलेल्या चारशेजणी, त्यांत वारलेल्या आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्याही, सगळ्या दुकानदाराच्या बाजूने मोजल्या जातात. मग दुकानदाराला कोणाचं मन वळवावं लागत नाही. बायकांना त्या दिवशी घराबाहेर पडू न देणं पुरतं. त्या दिवशी शेतावर मजुरीचा दर अचानक का वाढतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

परत बोलावण्याच्या चर्चेत ‘किती टक्के’ यावर सगळे भांडतात. खरी मेख ‘कशाचे टक्के’ ही आहे. यादीचे मोजले, तर गैरहजेरी हे सरपंचाचं हत्यार होतं. झालेल्या मतदानाचे मोजले, तर रिकामी ग्रामसभा हे विरोधकांचं. आपली नेहमीची ग्रामसभा एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभरजण, यांपैकी जी संख्या कमी तेवढ्यांवर भरते. २,४०० मतदारांच्या गावात शंभरजणांच्या गर्दीत एक्कावन्न हात वर करून घेणं दोन भावक्यांचं काम आहे.

यावर मला पटलेला तोडगा व्हेनेझुएलाच्या राज्यघटनेत सापडतो. त्या देशाच्या राजकारणाचं काय झालं ते सोडा, पण १९९९ च्या घटनेतलं ७२ वं कलम शहाण्या माणसाने लिहिलं आहे. निवडून दिलेल्या कोणत्याही पदाधिकाऱ्याला, महापौरालाही, अर्धी मुदत झाल्यावर वीस टक्के मतदारांच्या मागणीने मतदानाला सामोरं जावं लागतं. निवडून येताना त्याला जितकी मतं मिळाली, किमान तितकी मतं त्याला काढण्याच्या बाजूने पडली, आणि एकूण मतदान पंचवीस टक्क्यांहून कमी झालं नाही, तरच तो जातो. आपल्या गावात याचा अर्थ, ८०० मतांवर बसलेला सरपंच काढायला किमान ८०० मतं. निवडून येताना जी मोजपट्टी लावली, तीच उठवताना. ज्याला भरघोस मतं मिळाली त्याला काढणं अवघड आणि जो कुबड्यांवर आला त्याला काढणं सोपं, हे आपोआपच साधतं.

तैवानने यादीच्या पंचवीस टक्क्यांची पट्टी ठेवली आहे : काढण्याच्या बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा जास्त हवीत आणि एकूण मतदारांच्या चौथ्या हिश्श्याएवढी हवीत. काऔशुंग शहराचे महापौर हान क्वो-यु यांना जून २०२० मध्ये असं परत बोलावलं गेलं. २०१८ मध्ये ते ८,९२,५४५ मतं मिळवून निवडून आले होते. काढण्याच्या बाजूने मतं पडली ९,३९,०९०. निवडून येतानाच्या मतांहून जास्त! त्या निकालानंतर ‘मूठभर लोकांनी काढलं’ असं कोणाला म्हणता आलं नाही. मला हवी आहे ती नेमकी ही बोलती बंद.

आता सह्या. वर्तमानपत्रांत या विषयावर जे लिहून येतं, त्यात सहीचा विचार जवळजवळ नसतोच. मत गुप्त असतं, सही उघडी असते. आणि गावात सरपंचाच्या हातात काय नसतं? घरकुलाच्या यादीपासून रहिवासाच्या दाखल्यापर्यंत, नळजोडणीपासून रोजगार हमीच्या कामापर्यंत सगळं तिथूनच फिरतं. एका गावच्या निवेदनावर अंगठा उठवलेली एक म्हातारी आठ दिवसांनी माझ्या कचेरीत आली. म्हणाली, ‘साहेब, माझा अंगठा तेवढा पुसा. घराचा हप्ता अडकलाय.’ निवेदनाला कायद्याने काही किंमत नव्हती, मी तिला तसं समजावलं. पण तिची भीती खोटी नव्हती. व्हेनेझुएलातच २००४ मध्ये अध्यक्षांविरुद्ध सह्या करणाऱ्यांची नावं एका खासदाराने जाहीर केली, आणि पुढे त्या यादीत नाव असल्यामुळे अनेकांना सरकारी नोकऱ्यांची दारं बंद झाली. देशाच्या पातळीवर हे होऊ शकतं, तर जिथे सगळे एकमेकांना अंगणाच्या खुणेने ओळखतात तिथे काय होईल!

सही घरोघर फिरवूनही घेऊ नये. जपानमध्ये २०२० साली आइची प्रांताच्या राज्यपालांना परत बोलावण्यासाठी सुमारे ४ लाख ३५ हजार सह्या सादर झाल्या. तपासल्यावर त्यांतल्या ८३ टक्के बाद ठरल्या. मोठ्या संख्येने एकाच हाताने लिहिलेल्या होत्या. ब्रिटनने खासदारांसाठी २०१५ मध्ये केलेल्या कायद्यातली पद्धत मला बरी वाटते : ठरावीक जागी, सहा आठवड्यांच्या मुदतीत मतदाराने स्वतः जाऊन सही करायची, हवी तर टपालाने. दहा टक्के सह्या झाल्या की पद रिकामं. २०१८ मध्ये उत्तर अँट्रिममध्ये सह्या ९.४ टक्क्यांवर अडल्या आणि खासदार वाचले; पुढच्याच वर्षी पीटरबरोमध्ये २७ टक्क्यांहून जास्त सह्या झाल्या आणि पोटनिवडणूक लागली. मात्र तिथे मागणी वाटेल तेव्हा करता येत नाही. खासदाराला शिक्षा झाली किंवा सभागृहाने निलंबित केलं, तरच दार उघडतं. आपल्याकडे सह्या गावात नकोतच. तहसील कचेरीत, ओळखपत्र दाखवून, एकेकट्याने. एस.टी.चं भाडं पडेल, पण सरपंचाच्या माणसाला दारात बसून नावं टिपता येणार नाहीत. यादी नंतरही जाहीर होता कामा नये. फक्त आकडा जाहीर व्हावा.

सरपंच महिला किंवा दलित असेल तेव्हा काय होतं, या मुद्द्यावर मी अजूनही पूर्ण निःशंक नाही. कलम ३५ मध्ये साध्या सरपंचाला काढायला दोन तृतीयांश आणि महिला सरपंचाला काढायला तीन चतुर्थांश अशी वेगळी पायरी उगाच ठेवलेली नव्हती. मी चालवलेल्या सभांत महिला सरपंचांवरचे ठराव बरेच होते, आणि त्यांतल्या काहींचा खरा गुन्हा ‘डोंगल’ हा होता. वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि तो काढायला सरपंचाची डोंगलमधली डिजिटल सही लागू लागली. जोवर डोंगल नवऱ्याच्या किंवा गटनेत्याच्या खिशात असतं तोवर बाई चांगली. तिने ते स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं की ‘मनमानी कारभार’ सुरू. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचाला अपात्र ठरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा न्यायालयानेही हेच बोट ठेवलं होतं : बाई सरपंच झाली हेच गावातल्यांना पचलेलं नाही. खेडं म्हणजे अज्ञान आणि संकुचितपणाचं डबकं, असं आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत म्हणाले, ते ऐकून अनेकांना राग आला होता. अविश्वासाच्या सभा चालवल्यावर मला तो राग येत नाही.

मग गावाच्या बहुमताला दलित सरपंच काढायची किल्ली द्यायची का? मला यात थोडा दिलासा दोन गोष्टींत दिसतो. आरक्षण त्या पदाला असतं, माणसाला नव्हे. सरपंच गेला तरी पोटनिवडणुकीत जागा त्याच वर्गाची राहते, तेव्हा जातीच्या रागाने काढून हाती फारसं काही लागत नाही. आणि गावाचं गुप्त मतदान सदस्यांच्या सभेपेक्षा दुबळ्याला जास्त सुरक्षित वाटतं. एका महिला सरपंचावरचा ठराव सदस्यांनी मोठ्या बहुमताने मंजूर केला होता. ग्रामसभेत मतदान झालं तेव्हा रांगेत बायकाच बायका. ठराव पडला. सदस्यांपैकी एकाच्या आईनेही विरोधात मत दिलं, असं तिनेच नंतर मला हसत सांगितलं. गुप्त मतदान तिच्यापुरतं तरी संपलं होतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष झालं की बाकी सगळं फुकट : सरपंच गेल्यावर खुर्चीवर कोण? आपल्याकडे पद रिकामं झालं की कारभार उपसरपंचाकडे जातो. ठरावामागची सूत्रं उपसरपंचाकडे असणं हा म्हणूनच योगायोग नसतो. पेरू देशाने या चुकीची मोठी किंमत मोजली. तिथे १९९७ पासून पाच हजारांहून जास्त स्थानिक पदाधिकाऱ्यांवर परत बोलावण्याची मतदानं झाली. बऱ्याचदा मागणी करणारा मागच्या निवडणुकीत हरलेलाच असायचा. त्याला ही दुसरी फेरी वाटायची. २०१३ मध्ये राजधानी लिमाच्या महापौर सुसाना व्हिलारान अशा मतदानातून थोडक्यात वाचल्या, त्यांचे बहुतेक नगरसेवक मात्र गेले. दोन वर्षांनी पेरूने कायदा आवळला. जो मागणीचा पहिला सहीदार, त्याला त्या मुदतीत त्या पदावर बसता येऊ नये, एवढं एक वाक्य आपल्या कायद्यात घातलं तर निम्मे ठराव जन्मालाच येणार नाहीत. उपसरपंचालाही ते लागू करावं. तीन महिने प्रशासक चालवील.

माझ्या हातात मसुदा असता तर मी सुरुवात मतदारांकडे दिली असती, तहसील कचेरीत केलेल्या पंचवीस टक्के सह्यांवर. पहिली दोन वर्षं आणि शेवटचं एक वर्ष बंद. मुदतीत एकदाच. आरोप दोनशे शब्दांत, सरपंचाचं उत्तर दोनशे शब्दांत, दोन्ही एकाच कागदावर छापून घरोघर. कॅलिफोर्नियात असंच करतात. मतदान ग्रामसभेत नाही, केंद्रावर, भरल्या आणि रिकाम्या खुर्चीच्या चित्रांवर. निकाल व्हेनेझुएलाच्या पट्टीने. आरोप सिद्ध व्हायला हवेत ही अट मी ठेवणार नाही. पैसा खाल्ला असेल तर त्यासाठी कलम ३९ खाली काढता येतं, फौजदारी गुन्हा दाखल करता येतो. परत बोलावणं हा न्यायनिवाडा नाही, नाराजी मोजण्याचा मार्ग आहे. दोन्ही एकत्र केलं की चोर सुटतो आणि नावडता अडकतो.

आता तुमच्या गावापुरतं. आजच्या कायद्यात मतदार म्हणून तुम्ही थेट ठराव आणू शकत नाही. किमान एक तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांना नोटीस द्यावी लागते आणि सात दिवसांत सभा बोलावली जाते. पण ठराव सदस्यांत मंजूर झाला तर विशेष ग्रामसभेचा दिवस तुमचा आहे. मतदार यादी आधी मिळवा, मयत आणि स्थलांतरित नावांवर वेळेत हरकत घ्या, आणि मतमोजणी संपेपर्यंत कोणी ना कोणी तिथे बसून राहील अशी पाळी लावा. मी पाहिलेला सगळ्यात मोठा गोंधळ मतदानात झाला नव्हता. जेवायला गेलेली माणसं परत येईपर्यंत एका पेटीभोवतीचं कापड बदललेलं होतं.